शपथ सिडनीची

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात बुचरकडे रांगेत माझ्यापुढे एक मराठी नवरा-बायको बीफचे स्टेक बघत होते.

"भार्गव, सिडनीला आईंनी फ्रिजमधल्या पाकिटावर 'बीफ सरलॉइन' वाचलं, तेव्हा आईची शपथ घेतलीस ना? सरलॉइनला पुन्हा शिवणार नाही म्हणून?"

"हे पोर्टरहाउस आहे, नुपूर."

"तेच ते! तिथं सरलॉइन म्हणतात, इथं मेलबर्नला पोर्टरहाउस."

"पण शपथ सरलॉइनची होती. पाटी वाच, कुठे दिसतंय सरलॉइन?"

"त्यापेक्षा ते पलीकडचं घे. मऊ दिसतंय."

"ते आय फिलेट."

"काय?"

"आय. इंग्लिशमधला आय गं, डोळा."

"असेना का! आईची शपथ मोडायची, तीही आय खाऊन? पोर्टरहाउसच घे."