कुंकू लावलेले बोकड

“सून गुणी शे, पन मुकी शे का काय, तेच समजत नही,” सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी दाराआड पिठाची परात घेऊन उभी होते. ऐकायला गेले नव्हते, पण ऐकलं.

त्याच दिवशी आमचे वीस बोकड परदेशी निघायचे होते. सकाळी डॉक्टर तपासून गेले. एकेकाचं तोंड उघडून बघितलं, खूर बघितले, चालवूनही बघितलं. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर ते सांगत गेले आणि मी कागदावर उतरवत गेले. दोघांच्या तोंडात फोड निघाले, म्हणून त्यांच्या कपाळावर लाल ठिपका दिला. म्हणजे नापास, ट्रकमध्ये चढवायचे नाहीत.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई ताट घेऊन आल्या. घरचं जनावर कुंकवाशिवाय उंबरा सोडत नाही, म्हणून त्यांनी वीसही कपाळं माखली.

ट्रकवाला आला आणि बघतच राहिला. “आबा, हाई ते बठ्ठा नापास शेतस! मी एक बी नही भरनार.”

सासऱ्यांनी डॉक्टरांना फोन लावला, तर तो बंद. सासूबाई पदरानं कुंकू पुसू लागल्या, तर डॉक्टरांचा ठिपकाही पुसला गेला. ट्रकवाल्यानं गाडी चालू केली. वर्षभर पोसलेले बोकड दारातच राहणार, असं दिसायला लागलं.

मग मी कागद घेऊन पुढे गेले.

“आबा, कानातले बिल्ले बघा. सात आणि अकरा नंबर नापास आहेत, बाकीचे चढवा. आणि अक्का, मी मुकी नाही. बोकडांचं तोंड निदान उघडून तरी बघितलं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं.”