उस्तादांची ‘पळापळ’

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या हॉटेलच्या मालकीणबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या बारचे उस्ताद, आणि समोरच्या माझ्या बंधुभगिनींनो! दारं दोन आहेत, एक डावीकडे, एक मागे. हसा, हसा. अग्निसुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुम्ही पाठीमागे मला ‘बंबसाहेब’ म्हणता, तेही ठाऊक आहे.

उस्तादांच्या निरोपाला बोलायला माझीच निवड का व्हावी? आमचं तर विळ्याभोपळ्याचं सख्य! त्याला कारण एक पेय.

बार चालेनासा झाला होता. तो बंद करून तिथे चपलांचं दुकान काढायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. बाई, मान खाली घालू नका, आता ते सगळे विसरलेत. उस्ताद म्हणाले, “एक नवं पेय करतो. चाखा, मग खुशाल चपला मांडा.”

झालं, प्रयोग सुरू. मेझकाल म्हणून एक दारू असते, घायपातीच्या जातीच्या झाडाचा गड्डा भाजून काढलेली. मुळातच धुरकट. तिच्यात उस्तादांनी संत्र्याच्या सालीचं कडू मद्य घातलं. त्यांची लेक तेव्हा नुकतीच हाताशी आली होती. ती म्हणाली, “बाबा, कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच!” मग मध आला, लिंबू आलं. तरी गृहस्थांचं समाधान नाही. शेवटी त्यांनी वाळकी मिरची जाळावर धरली आणि तिचा खकाणा उपड्या पेल्यात कोंडला. अहो, छताला धूर हुंगणारं यंत्र कशाला लावलंय मी? शोभेला?

मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, “बंबसाहेब, आधी धूर, मग कडू, मग गोड. आणि पाहुणा उठायला लागला की ठसका. मिरची काळी झाल्याशिवाय तो येत नाही.”

बाई चाखायला आल्या त्या दिवशी मिरची काळी झाली आणि भोंगा वाजला. सगळं हॉटेल रस्त्यावर! एक पाहुणे टॉवेलवर, डोक्याला साबण तसाच. बाई पायरीवर बसून खोकतायत, माझ्या नावाने खडे फोडतायत आणि पाणी मागतायत. पाणी कुठलं? उस्ताद आतून तळहाताने झाकून पेला घेऊन आले. बाईंनी रागारागात घोट घेतला. मग दुसरा. मग म्हणाल्या, “आणखी आहे?” बार वाचला, आणि पेयाचं नाव पडलं ‘पळापळ’.

आता उस्ताद चालले. गल्ला, काउंटर, बाटल्या लेकीच्या हाती. पोरगी हुशार आहे, पण तिची ‘पळापळ’ मिळमिळीत होते. का? तर मिरची भाजताना तिचा एक डोळा छताकडे. माझा धाक, दुसरं काय!

काल जिन्यात उस्तादांनी मला गाठलं. म्हणाले, “माझ्यामागे तो पेला नीट झाला नाही, तर इथे माझं राहिलं काय हो?” मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पण घरी जेवण गेलं नाही. भांडण असलं तरी माणूस आपलाच ना?

म्हणून आज सकाळी अग्निशमन केंद्राला आधी कळवलं आणि मग तिला सांगितलं, “बाळ, मिरची काळी होऊ दे. भोंगा वाजला तर मी बघतो.” सध्या ती पडद्यामागे तुमच्यासाठी पेले भरतेय. मला दोनच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी हे चऱ्हाट का वळतोय, आलं ध्यानात? कान तिकडे लागलेत, पण अजून काही चाहूल नाही. उस्ताद, तुम्हीही पडद्याकडेच बघताय.

असो. बाईंचे, पाहुण्यांचे आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार मानतो, आणि

अरे! वाजला! वाजला की हो भोंगा!

उस्ताद, उठा, जमलं पोरीला! रडताय काय, खोका! मंडळी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, आणि आता डावीकडच्या दाराने, ढकलाढकली न करता, बाहेर चला. पेले रस्त्यावरच मिळतील.