शेठला उकडतं, आक्काला हीव भरतं

...गेली! बघा, गेली परत! मी जरा खाली जाऊन वर येतोय तोवर इथं सगळं बंद! रोज हेच हो, रोज जेवणाच्या वेळेला हेच! कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, तो छतातला एसी एक उचकी देतो आणि गप्प, आणि आम्ही भिवंडीच्या मे महिन्यात काचेच्या बरणीतल्या लोणच्यागत मुरत बसायचं! आणि बाहेर बघा. समोरच्या गोडाऊनला लाईट आहे, पलीकडे लूम खडाखडा चालू आहे, चहाच्या टपरीवर टेपसुद्धा वाजतोय! मग आमच्याच बिल्डिंगला काय धाड भरली? लोडशेडिंग? छे हो! लोडशेडिंग सकाळीच होऊन गेलं, त्याचं टाईमटेबल असतं, ते बिचारं प्रामाणिक! ही जाते ती घालवतात! मुद्दाम! मेन स्विच पाडून! का? तर शेठला उकडतं, आक्काला हीव भरतं, आणि मध्ये शिजतो कोण? आम्ही!

थांबा, तुम्ही नवीन आहात, तुम्हाला मुळातून सांगतो. लाईट येईपर्यंत दुसरं करणार काय?

शेठ म्हणजे केसरीनाथशेठ, या बिल्डिंगचे मालक. वळ गावात इथंच यांची भाताची शेती होती. आजूबाजूला गोडाऊनं उठली, पण यांचं उलटं. "सगले गोडाऊन बांधतात, मी हापिसं बांधनार!" आणि त्या दोन हजार पाचच्या पुराच्या पुढच्या वर्षी ही काचेची चार मजली बिल्डिंग उभी केली. माणूस असा आडवातिडवा, गळ्यात साखळी, आवाज असा की फोन न लावता कल्याणला ऐकू जावा. आणि आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. एवढीशी! शेठ रांगत होते तेव्हा आई गेली, तर या आक्कानेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिला दिघाशीला दिली, नवरा गेला, मूलबाळ नाही, तशी ती भावाकडे परत आली, आणि तेव्हापासून हा एवढा मोठा शेठ दुपारचा आक्कासमोर बसल्याशिवाय जेवत नाही. घरात बायको आहे, सुना आहेत, सगळं गोकुळ आहे, पण दुपारचा घास आक्कासमोर!

भानगड एकच. जन्मापासून शेठला उकडतं आणि आक्काला थंडी वाजते. जुन्या घरात एकच पंखा, हा लावणार, ती बंद करणार. "बंद कर रं, हाडं वाजतात माझी!" "आक्का, मी वितलतंय!" "वितल, जरा कमी होशील!" असं आयुष्य गेलं त्यांचं, आणि मजेत गेलं.

पण बिल्डिंग झाली, एसी आला, आणि शेठनी केबिनमध्ये असा गारवा केला की आलेल्या माणसाचा चहा बशीत ओतेपर्यंत सरबत व्हावं! आक्का डबा घेऊन येणार, समोर बसणार, कानाला फडकं, अंगावर शाल, शालीवर गोधडी, दिसतंय नुसतं नाक! आणि एक दिवस तेही नाक म्हणालं, "केसरी, मी चालले दिघाशीला. सासरच्या घरात चूल हाय, तिच्यापाशी बसेन. तू जेव तुझ्या बर्फात."

शेठ हादरले! एसी बंद करावा तर घामानं फोन हातातून निसटतो, लावावा तर आक्का जाते! कोणाला सांगणार? आम्हा भाडेकरूंकडेच बघत बसायचे, भाकरी हातात तशीच.

तेवढ्यात ठाण्याहून आला तो कुणाल. इंजिनीअर. गळ्यात टाय! वळच्या धुळीत टाय! "सर, ही हीट रिकव्हरी सिस्टिम. मोठमोठ्या हॉटेलांत बसवतात. साधा एसी काय करतो सर, खोलीतली गरमी बाहेर रस्त्यावर फेकतो. वाया! ही फेकत नाही. पाइपातून उचलते आणि ज्या खोलीला गरमी हवी तिथं नेऊन देते. एकाच वेळी इथं थंड, तिथं गरम!"

शेठ खुर्चीतून उभे राहिले. "म्हंजे... माझी गरमी, आक्काला?"

"अं... टेक्निकली, हो सर."

"बसव!"

"सर, पण खरं सांगायचं तर भिवंडीत गरमी कोणी मागत ना..."

"बसव बोल्लो ना!"

बसवली. अख्ख्या बिल्डिंगला बसवली! चार मजले थंड आणि शेठच्या केबिनला लागून एक खोली गरम, आक्काची. लोक पोट धरून हसले. भिवंडीत गरमी विकत घेणारा पहिला माणूस! पण आक्का त्या खोलीत गेली, त्या गरम वाऱ्याखाली दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "केसरी, चुलीवानी हाय रं!" तुम्हाला सांगतो, शेठचे डोळे भरले. ती दिघाशी राहिली दिघाशीत.

इथं गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण तो टायवाला जाता जाता बोलून गेला, "सर, केबिनमधली माणसं, कॉम्प्युटर, दिवे, सगळ्यांची गरमी धरते ही, आणि तिकडे देते." झालं! शेठच्या डोक्यात पक्कं बसलं, आपण उठलो की आक्का गारठली! माणूस खुर्ची सोडेना! शेतावर जाईना, बँकेत जाईना, सख्ख्या मेव्हण्याच्या पोराच्या हळदीला गेला नाही! इथं हळद चुकवायची म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, लग्न चुकवलं तर चालतं! "कसा येऊ? आक्काला गरमी कोन देल?" वर ती गरमी वाढावी म्हणून उकळता चहा, कढईतली भजी, आणि अंगात स्वेटर! जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस, स्वेटर! तेही पुरेना, मग दिसेल त्याला धरून आत, पहिला मी. "ये रं अनंता, बस. काम काय न्हाय. नुसता बस. तुझ्या अंगात पन गरमी हाय!" एक पंजाबी ड्रायव्हर माझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाची बिल्टी, म्हणजे पावती, घ्यायला आला होता, तर त्यालाही बसवला! "सेठजी, मेरी गाड़ी खड़ी है!" "खडी रहने दो, तुम बैठो! तुम तो दो आदमी का गरमी है!"

आणि जेवण? आक्काला थंडीत बोलवायची नाही, आणि आपण तिकडं जायचं नाही, कारण आपण तिकडं गेलो तर इकडची गरमी संपली! डबा मधल्या दारानं यायचा, रिकामा जायचा. भिंतीला भिंत लागून, पण तोंड दिसेना. शेठला उकडतं, आक्काला हीव भरतं, आणि मध्ये बसतो कोण? आम्ही! बिनकामाचे! भजी खात!

एप्रिल उजाडला. बाहेर आग. मी एकदा रिकामा डबा द्यायला आक्काच्या खोलीत गेलो आणि... अहो, भट्टी! आक्का घामानं निथळतेय, आणि त्या एसीच्या जाळीखाली ओली पोती टांगलीत, खाली दोन माठ मांडलेत, आणि ही बाई पोत्यांवर पाणी शिंपडतेय!

"आक्का, हे काय? बंद करा की ती गरमी!"

"गप! हलू बोल, तो ऐकंल." आणि मला जवळ बसवून सांगते, "शेजारनीनं वाटीभर कालवन धाडलं, त आपुन वाटी रिकामी परत देतो का? मूठभर तांदूल तरी टाकतो ना? माझा भाऊ भिंतीपल्याडून मना त्याची ऊब धाडतो. त्या पाइपातून मी रिकामं कसं धाडू? म्हनून गारवा धाडते. मी उठले त त्याला गारवा कोन देल? वितलंल रं तो."

आता बोला! तो तिकडे स्वेटर घालून हिला ऊब पाठवतोय, ही इकडे उकडून निघत त्याला गारवा पाठवतेय, आणि मशीन आपली हसत असेल, पाइपातल्या पाइपात! मी सांगणारच होतो शेठला, पण तिनं गळ्याची शपथ घातली. मग कोपऱ्यात बघतो तर काय... गाठोडं! बांधून ठेवलेलं.

"उद्या जाते दिघाशीला," आक्का म्हणाली. "मी गेले त त्याला मंग एवढी गरमी नको बनवाला. आन इतक्या जवल बसून भावाचं तोंड न्हाय दिसत, ते न्हाय सोसत मना. पंख्यावरून भांडत व्हतो ते बरं व्हतं. दिघाशीला निदान म्हनता तरी येल, लांब हाय म्हनून न्हाय दिसत."

मी उठलो आणि आलो.

दुसऱ्या दिवशी, डब्याच्या वेळेला, लाईट गेली. खरी गेली हो, त्या दिवशी खरी! जनरेटर ओढला, तो खोकला आणि बसला. आणि जिन्यापाशी दोन्ही दारं एकदम उघडली. इकडून शेठ स्वेटरमध्ये, तिकडून आक्का, लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं, एका हातात डबा, काखेत गाठोडं.

"आक्का, तू भिजलीस कशानं?"

"तुझ्या गरमीनं! तू स्वेटर कनाला घातलास?"

"तुला गरमी पोचाला!"

"आन मी तुला गारवा धाडत व्हते, पोती भिजवून!"

"मना?" शेठचं लक्ष गाठोड्यावर गेलं. "आन यो गाठोडा कनाला?"

आक्कानं ते पाठीमागे लपवलं. आणि तो एवढा मोठा माणूस मटकन जिन्याच्या पायरीवर बसला आणि भोकाड पसरलं हो, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं! "तू गेलीस त मी जेवू कुठं?"

आक्कानं गाठोडं खाली ठेवलं. "हात वर कर," म्हणाली. शेठनी मुकाट्यानं दोन्ही हात वर केले, आणि तिनं लहान पोराचा काढावा तसा तो स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, एका झाकणात दोघं. ही पदरानं त्याला वारा घालतेय आणि स्वतःचे पाय काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सरकवतेय. हा सावलीत, ती उन्हात, एकाच पायरीवर! ना पाइप, ना रिमोट! आम्ही सगळे दारात उभे राहून बघतोय.

मग लाईट आली, एसी घुंई करून सुरू झाला, तशी आक्का उठायला लागली. "चल रं, मशीन चालू झाली, वाया जाते." तिला वाया गेलेलं बघवत नाही! शेठनी तिचा हात धरला आणि ओरडले, "कोन हाय रं खाली? पाड तो मेन!"

तेव्हापासून रोज. तो कुणाल सर्व्हिसिंगला आला होता, "सर, सिस्टिम कशी आहे?" शेठ म्हणाले, "एकदम बेस्ट! दुपारची बंद असते तवा त फारच बेस्ट!"

आणि आम्ही? मी गेलो होतो ना भांडायला, सगळ्या भाडेकरूंच्या वतीनं, तावातावानं! शेठला उकडतं, आक्काला हीव भरतं, त्यात आमचा काय गुन्हा, असं तोंडावर विचारणार होतो! आक्कानं मला पायरीवर बसवलं. "आदी खा, मंग भांड." अहो, ती चटणी... काय सांगू तुम्हाला! भांडण राहिलं तोंडात, आणि निघताना घरी न्यायला आणखी वाटीभर हातात दिली तिनं.

आता तुम्हीच सांगा, वाटी रिकामी कशी परत करायची? माझ्यापाशी आहे काय द्यायला, बिल्टीबुकं आणि रबरी शिक्का? शेठचे गुडघे गेलेत, मेन स्विच आहे तळमजल्याला, रोज उतरायचं, रोज चढायचं, त्यांना जमतं होय? मग काय करणार, साहेब... घ्या ती फाईल, घाला वारा... रोज जेवणाच्या वेळेला खाली जाऊन तो स्विच मीच पाडतो.