भजनी मंडळाचा ऑसिलोस्कोप

हसा खुशाल, पण आमच्या डोणगावात ऑसिलोस्कोप पसंत केला तो भजनी मंडळानं. मंडळाचा ॲम्प्लिफायर भुणभुण करायचा. सोमवारी सप्ताह बसणार होता, आणि आमच्या ह्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलेलं, "आवाजाची लाट दाखवणारी मशीन आणून द्या, दोष काढून देतो."

म्हणून आम्ही दोघं आणि मंडळाचे आबा ॲम्प्लिफायर घेऊन खामगावच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "दोन चॅनलचा देऊ की चार?"

हे म्हणाले, "आपल्या कामाले दोन पुरतात. एकावर आत जाणारा आवाज पाहाचा, एकावर बाहेर येणारा."

आबा म्हणाले, "हाव, दोनच घ्या. चारावर चार भुणभुणी दिसतीन."

दुकानदारानं वायर जोडली. पडद्यावर हीऽ मोठी लाट नाचली. त्यानं लाट लहान दाखवायचं बटण फिरवलं, तशी रेघ सपाट झाली.

आबांनी टाळी वाजवली. "बसली भुणभुण! बांधा मशीन!"

मी म्हटलं, "आबा, चित्र लहान झालं, भुणभुण तशीच हाये! कान बसस्टँडवर ठेवून आले काय?"

ऐकतो कोण? मशीन आबांच्या मांडीवर बसून गावात आली, ती ह्यांच्या हाती लागलीच नाही.

सोमवारी आबांनी ती कीर्तनाच्या जागी, सगळ्यांसमोर मांडली. महाराज अभंग सोडून ओरडले, "अहो, हे घूंऽऽ काय वाजून राह्यलं?"

आबांनी सपाट रेघेवर बोट ठेवलं. "ऐकू येते हो महाराज, पण दिसते काय?"