आजीजवळ पोरगी ठेवायची का

मी मुरब्याची, माहेर मुरबं नि सासरही मुरबंच, दोन आळ्या सोडून. गाव लिहा, माझं नाव लिहू नका, आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा, कारण लोक ऐकतात एक नि लिहितात भलतंच. आमचा धंदा सुक्या मासळीचा. नवरा बोटीवर जातो, मी बोयसरच्या बाजारात बसते, आणि पोरगी हाय नऊ वर्षांची, प्राची.

आमच्यात जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी हो, उन्हात पसरली की राखायला पोरं बसवतात, कावळे असतात, कुत्री असतात. मी सहा वर्षांची असल्यापासून बसायचे. डोळा लागला, कावळ्यानं चोच मारली, की आय भिजलेला दोर घेऊन यायची नि पाठीवर मारायची, काय सांगू तुमाला, तिचा हात दमेपर्यंत मारायची. बाप ओट्यावर जाळं शिवत असायचा, मान वर करायचा नाय. शेजारणी म्हणायच्या, वळण लावतेय. मी आजही पाठीवर झोपत नाय. दुखत नाय काही, पण झोपत नाय.

बाप गेला, आय म्हातारी झाली, आणि एकदम गोड झाली. म्हणाली, शाळा सुटल्यावर पोर एकटी कशाला, माझ्याकडं ठेव, मी जवळा राखीन, ती बसेल बाजूला. मला तो गोडवा पटला नाय. पण गेल्या वर्षी सासू गेली, घरात दुसरं कोण नव्हतं, म्हणून ठेवली. ठेवली म्हणजे काय, रोज संध्याकाळी साबण लावायच्या निमित्तानं तिची पाठ बघायचे. मम्मी, मी मोठी झाले आता, ती चिडायची. गप, मळ हाय, मी म्हणायचे. पाठ साफ असायची, तरी वाटायचं, दंडाला चिमटे काढत असेल, नायतर धमकावून गप्प ठेवत असेल, मी पण गप्पच होते ना. मग मी बाजारातून कधी चारला, कधी दोनला, न सांगता यायला लागले.

एक दिवस माल संपला नव्हता, तरी बाजूच्या बाईवर टोपली सोपवली नि रिक्षात बसले. आय जवळा वाळवते त्या खळ्याशी येते तर प्राची सावलीत झोपलेली, आणि आय तिच्या डोक्याशी काठी उगारून उभी. मी धावले, आयचं मनगट धरलं, पिरगाळलं, ती खाली बसली तरी सोडलं नाय. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात प्राची जागी झाली नि वरडली, मम्मी, सोड तिला, आजीला लागतंय, ती बकरी बघ की! बकरी होती खरी, जवळ्यात तोंड घालून उभी.

माझा हात सुटला. बकरीमुळं नाय. माझ्या वेळी असं कोणी वरडलं नव्हतं.

मनगट सुजलं. मी हळद लावत होते तर आय म्हणाली, बरोबर केलंस तू. मला तेही खरं वाटलं नाय. प्राचीनं विचारलं, पण तू आजीला धरलंस कशाला? मग सांगितलं, आयच्या समोरच, दोर नि पाठ नि सगळं. पोरगी आजीकडं वळली, तू मारायचीस? आय म्हणाली, हो. मग बारीक आवाजात, माझी आय पण मला दोरानंच मारायची. म्हटलं, मग तुला माहीत होतं ना, कसं लागतं ते. तिनं सुजलेला हात पदराखाली ओढून घेतला. काही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं नसतं.

आता शाळा सुटली की प्राची माझ्या मैत्रिणीकडं जाते, आणि आजीकडं जाते ती मी घरी असतानाच. आय तक्रार करत नाय, तिचा डबा मी पोचवते. माफ केलं का, ते विचारू नका, मला पोरीचं बघायचंय. आणि आयवर ठेवते तेवढीच नजर आता मी स्वतःच्या हातावर ठेवते, कारण मनगट पिरगाळायला मला कोणी शिकवलं नव्हतं. प्राचीला सांगितलंय, माझा हात उठला तर तसंच वरडायचं. तुझ्यावर पण? म्हणाली. माझ्यावर पण. तर तिनं लगेच वरडून दाखवलं, असलं मोठ्यानं की बाजूची म्हातारी बाहेर आली, काय झालं गो?

काय नाय, म्हटलं, पोरगी शिकतेय.