ढब्बूच्या डोक्यावरची वेल

...आणि वर मलाच विचारते, "अहो, चहाची गाळणी कुठाय?" आता काय सांगू? माशाच्या टाकीत आहे म्हणून सांगू? सांगितलं! मला वेळेवर खोटं सुचतच नाही. तर म्हणते, "का, माशाला चहा करून देताय?" तुम्हाला सांगतो, या वयात माणसानं काय काय ऐकून घ्यायचं त्याला काही सुमार? चूक माझीच असणार, नाही असं नाही... पण आधी नीट ऐकून तर घ्या!

मासा माझा नाही, हे पहिलं ध्यानात घ्या. मासा मुलीचा. केशरी, गोल, गुबगुबीत गोल्डफिश, नाव ढब्बू. मुलीची तात्पुरती बदली झाली दुसऱ्या गावी, भाड्याच्या खोलीत मासा चालत नाही, म्हणून टाकी आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली. आणि जाताना आईला काय सांगते, मी तिथंच उभा, हातात टाकीचं झाकण घेऊन! "आई, ढब्बूकडे तू बघ हं. बाबांवर सोडू नकोस. बाबा नुसते विचार करत बसतात." विचार करत बसतात! हा काय आरोप झाला? मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, उभा जन्म त्यासाठीच नेमलेला होतो! यावर आमची ही म्हणते, "मला घरात एक आहे सांभाळायला तेवढा पुरे." तो एक कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. मग मीही मनात म्हटलं, थांबा, ही पोरगी परत येईल तेव्हा ढब्बू जिवंत, धडधाकट आणि होता त्याहून गोल असा तिच्या स्वाधीन करीन, तर नावाचा मी!

झालं. एवढं ठरवलं मात्र, आणि ढब्बू बसला की तळाशी! कोपऱ्यात, पर मिटून, कोरा पेपर देऊन घंटेची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखा. मी लगेच पुस्तकं काढली, वाचलं, तर नायट्रेट! म्हणजे बघा, मासा खातो, मासा घाण करतो, त्या घाणीचं होता होता शेवटी नायट्रेट होतं, ते पाण्यात साचत जातं, आणि फार साचलं की मासा मरगळतो. मग चाचणीची पेटी आणली. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, या बाटलीतले थेंब, त्या बाटलीतले थेंब, खळखळ हलवायचं आणि थांबायचं. पिवळा रंग आला तर उत्तम, लाल आला तर बोंब. आमचा लाल! पण किती लाल? पेटीतल्या कार्डावर शेवटचे तीन चौकोन, तिन्ही लाल, तिन्ही सारखे! "अगं, जरा बघ गं, हा लाल की तो लाल?" तर डाळीतले खडे निवडावेत तशी बघून म्हणते, "दोन्ही लालच आहेत. आणि ती नळी जेवायच्या टेबलावरून उचला."

दुकानदाराकडे गेलो. मासे, टाक्या, माशांचं खाणं विकतो तो. म्हणाला, "काका, पाणी बदला." बदललं. लाल. "अजून बदला." बदललं. जास्तच लाल! नळाचं पाणी तसंच घालायचं नसतं, क्लोरीन उडून जायला हवा, म्हणून न्हाणीघरात बादल्याच बादल्या भरून ठेवल्या. आमची ही दारात टॉवेल घेऊन उभी, "अहो, मी आंघोळ कुठं करू, टाकीत?" बरं, एवढं करून रंग लाल! मला वाटलं, माझा हात कापतो, थेंब जास्त पडत असतील. मग वाटलं, डोळेच गेले असतील. गेलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नळी सोबत घेऊन. त्यांनी नळी उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "आजोबा, तुम्हाला लाल दिसतंय ना? मग डोळे उत्तम आहेत." चूक माझीच असणार, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तर, काय चुकलं ते ऐका. एके दिवशी वैतागून म्हटलं, ही पेटीच बिघडलेली, आता हिचंच पितळ उघडं पाडतो. आणि टाकीचं सोडून सरळ नळाचं पाणी घेतलं नळीत. लाल! लालभडक! म्हणजे मी रोज टाकीतलं नायट्रेट बादल्यांनी उपसतोय आणि बादल्यांनीच परत ओततोय! आणि वर्गात पोरांना काय शिकवत होतो इतकी वर्षं? "आधी नुसतं पाणी तपासा, मग बाकीचं!" घसा बसेपर्यंत! लाज वाटली हो. बायकोला सांगितलंच नाही. म्हटलं, बादल्या नकोशा झाल्या म्हणून बंद केल्या. तिला ते पटलंही, तेच जास्त लागलं.

मग नायट्रेट घालवायचं कसं? तर तेच पुस्तक म्हणतं, झाडं लावा! घरातलंच साधं झाड, मुळं पाण्यात, पानं बाहेर हवेत. माशाची घाण म्हणजे झाडाचं खत, मुळं नायट्रेट शोषून घेतात. आणि त्यासाठी सगळ्यात उत्तम कोण? मनीप्लांट! मी पुस्तकातून मान वर केली... टाकीच्या बरोब्बर वर, खिडकीत, मनीप्लांट!

पण कुणाचा? हिचा! अहो, ती काय साधी वेल आहे? मुलगी रांगत होती तेव्हापासूनची. खिडकीतनं निघून पुस्तकांच्या कपाटावर चढलीय, घड्याळाला वळसा घालून पार दारापर्यंत आलीय. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसते ही. एकदा मी ते फडकं चष्म्याला मागितलं तर म्हणाली, "ते पानांचं आहे." आणि घरातला एकच कायदा, वेलीला हात लावायचा नाही.

दोन दिवस मी वेलीकडं बघतोय, ढब्बूकडं बघतोय. ढब्बू माझ्याकडं बघतोय. शेवटी ही बहिणीकडं गेली, आणि मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली. तुम्हाला सांगतो, प्रयोगशाळेत आम्लं हाताळली, पण असा घाम कधी फुटला नव्हता! घड्याळामागचा एक तुकडा कापला, तिथं दिसणार नाही म्हणून. धुतला, परत धुतला, कपड्यांच्या चिमट्यानं टाकीच्या कडेला अडकवला. आणि ढब्बू? इतके दिवस तळाशी मेल्यासारखा पडलेला ढब्बू सूऽऽऽ करून वर आला आणि देठच कुरतडायला लागला! अरे लेका, औषध आहे ते तुझं, जेवण नव्हे! त्यात मला आठवलं, या वेलीचा चीक विषारी असतो म्हणे! झालं, मी खुर्ची टाकून समोर, ढब्बू मरतो की मी आधी... म्हणून ती गाळणी! गाळणी पाण्यात लटकवली, तुकडा तिच्यात ठेवला. मुळांना पाणी मिळतं, ढब्बूला मुळं मिळत नाहीत. आहे की नाही डोकं?

आणि मग ही परत आली, चहा टाकला, आणि "अहो, गाळणी कुठाय?"

माशाला चहा वगैरे बोलून झालं, आणि मग आली ना टाकीपाशी, गाळणीत काय आहे ते बघायला! आधी गाळणी बघितली. मग पान बघितलं. मग हळूच मान वळवून घड्याळ बघितलं... बोलली काहीच नाही. अहो, बोलली असती तर परवडलं असतं! पुढचे कित्येक दिवस चहा तसाच, पत्तीसकट. मी दातांतली पत्ती काढत मुकाट पितोय. चूक माझीच होती, यावेळी "असणार" नाही, होतीच!

पण एका सकाळी मी बघतो तर ही टाकीपाशी वाकलेली. "हे पान बघितलंत?" कित्येक दिवसांनी पहिला शब्द! गाळणीच्या जाळीतून पांढरीशुभ्र मुळं बाहेर आली होती, आणि नवं पान माझ्या तळहाताएवढं. म्हणाली, "कुंडीत एवढं कधी आलं नाही." आणि काय करावं तिनं? स्वतः कात्री घेतली, स्वतःच्या हातानं चार तुकडे कापले! आठवडे गेले, नळीतला लाल केशरी झाला, केशरी पिवळा झाला. ढब्बू टाकीभर हिंडायला लागला. मी म्हटलं, आता ये म्हणावं पोरीला!

आली. दारातच थबकली. "अय्या आई! वेल काय झालीय गं!" मी घसा खाकरला. "आणि ढब्बू..." "हो की, ढब्बू! आई, काय मस्त सांभाळलास तू!" आई! सांभाळलास! मी बायकोकडं बघतोय, आता तरी बोलेल. तर म्हणते, "मी कुठं? मी आपली वेलीचं बघते." झालं. संपलं. आता टाकी न्यायची, तर मुळं सगळीकडे गुंतलेली, वेल पडद्याच्या दांडीला दोन फेरे मारून बसलेली. ही कमरेवर हात ठेवून उभी, "टाकी जागची हलायची नाही." मुलगी हसली. "राहू दे मग इथंच. बाबांना तेवढाच विरंगुळा."

विरंगुळा! आणि मुलगी गेली तर पानं पिवळी पडायला लागली. मी नळी तपासली, पिवळीधमक, नायट्रेट शून्य! मी आनंदानं सांगायला गेलो तर हिच्या डोळ्यांत पाणी, हातात पिवळं पान. "म्हणजे वेल उपाशी आहे!" नळाचं पाणी घालून बघितलं, ते पुरेना. मग ढब्बूकडं बघून म्हणते, "तुमचा मासा पुरेशी घाणच करत नाही."

म्हणून आज परत त्या दुकानात. दुकानदार मला बघून म्हणाला, "काका, परत नायट्रेट वाढलं?" म्हटलं, "नाही हो, संपलं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त घाण करणारा मासा कुठला?" तो बघतच राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही नक्की पाळलंय तरी काय?"

म्हटलं, "वेल पाळलीय. ढब्बू आणि मी तिच्याकडं कामाला आहोत."