दारुड्याच्या बायकोचं काम

मी कांता. चारठाण्याच्या अलीकडं तीस-चाळीस उंबऱ्याची वस्ती हाय, तिथली. सातवीपर्यंत गावात शिकले, मंग हायस्कूल मोठ्या गावाला, आमी चौघी पोरी रोज पायी जायचो. त्याच गावात मला दिली, आन त्याच हायस्कूलात आता मी पोरांची खिचडी शिजवते. काय सांगू तुमाला, माझ्या जिंदगीत टाळ्या एकदाच वाजल्या, नववीत, गॅदरिंगमधी.

मराठीच्या सरांनी दारूबंदीचं नाटक बसवलं होतं. दारुड्याच्या बायकोचं काम कोन्ही पोरगी घेईना, कारण शेवटी नवरा मरतो आन तिनं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. सर म्हनले कांता, तुझा आवाज मोठा हाय, तू कर. मी हो म्हनले, मला काय कळतंय तवा. सरांची लय हौस, म्हनले बांगड्या खऱ्याच फोडायच्या, काचेच्या, माईकजवळ. बाकं जोडून स्टेज केलं, साड्यांचा पडदा. आन झालं काय, नाटकात माझा नवरा झालेला दहावीतला पोरगा, त्याला मेल्यावर चादरीखाली हसू आलं. चादर हलायली, पुढची लेकरं दात काढायली. मंग मी धाडकन त्याच्या अंगावर पडले, हंबरडा फोडला, हातावर हात मारून बांगड्या फोडल्या, रगत आलं. लेकरांचं हसनं थांबलं. बायका पदरानं डोळे पुसायल्या. मंग टाळ्या, लय येळ टाळ्या. खोटं कशाला सांगू, भांडी घासता घासता आजबी त्या आठवल्या की ग्वाड वाटतं.

घरी गेले तर मायनं दारातच उभं केलं. मयतीवरून आल्यावानी पायावर पानी वतलं, कुंकू लावलं, शेजारनीकडून हिरव्या बांगड्या आनून भरल्या, मंगच आत घेतलं. म्हनली मेले, कुवाऱ्या पोरीनं असलं काम करावं का. आठ दिवस शाळा बंद केली माझी.

त्या गर्दीत माझी सासू होती. तिनंच मला मागितली, म्हनली पोरगी किती मायाळू, खोट्या नवऱ्यासाठी एवढी रडली. बारावीला नापास झाले आन लगीन झालं. मानूस चांगला होता हो, दारू सोडा, सुपारी बी खात नव्हता. पाव्हने आले की थट्टा करायचा, ही माझ्यावर रडून दाखवील बरं का. मी मारायला धावायची.

पोरगी दुसरीत असताना तो हरभऱ्याला पानी द्यायला गेला, मोटारीच्या पेटीला हात लावला, तिथंच चिकटला. अंगनात आनून ठेवला, चादर टाकली. बायकांनी मला धरून बसवलं, रड बाई, रड म्हनायल्या. डोळ्यात टिपूस येईना. मी चादरीकडंच बघायले, वाटायचं आता हलंल, आता ह्याला हसू येईल. एक बाई म्हनली, शाळेत किती रडली होती, हितं खऱ्याला रडू न्हाई. आन सासू म्हनली, हिनं तवाच रडून घेतलं, माझ्या लेकाचं मरन हिनं तवाच मागून घेतलं. बांगड्या बी दुसऱ्याच बाईनं फोडल्या, माझा हात उचलंना.

मला कळतंय, मानूस करंटनं मेला, नाटकानं न्हाई. पन एकटी असले की वाटतं, सरांना न्हाई म्हनले असते तर. सासूला मीच भाकर करून घालते, ती खाते, पन सनाला मला पुढं येऊ देत न्हाई.

पोरगी आता नववीत हाय. औंदा नव्या बाईंनी नाटक बसवलं, हिला आईचं काम दिलं, लेक मरतो आन आई रडती. पळत माझ्या चुलीपाशी आली, मम्मी, बाई म्हनल्या माझ्यासारखा आवाज कोनाचाच न्हाई. तिथंच रडून दाखवलं. अंगावर काटा आला, माझ्यापेक्षा चांगलं करती हो. सासू काही बोलायच्या आधी मीच बाईंकडं गेले, म्हनले हिचं नाव काढा. बाई म्हनल्या तुमी शिकलेल्या, असलं मानता का. मी म्हनले मी न्हाई मानत, बाई, पन गाव इसरत न्हाई.

गॅदरिंग झालं. दुसऱ्या पोरीनं काम केलं, तिचं रडनं मागच्या रांगेपर्यंत आलंच न्हाई. माझी पोरगी माझ्यापाशी बसली होती, तिचे ओठ हलायले, सगळं पाठ होतं तिला. तवापासून बोलत न्हाई माझ्याशी. चुलीकडं येत न्हाई, दुरूनच वर्गात जाती. रुसू द्या. माझ्यावर जनमभर रुसली तरी चालंल. पन तिच्यावर कवा काही बेतलं, तर तिला पोटभर रडता येऊ दे, आन रडू न्हाई आलं तर तसंच बसता येऊ दे, शेजारी बसून तिची आसवं मोजायला कोन्ही नसावं. तिच्यासाठी मी एवढंच मागते बघा.